इकॉनॉमी की स्वीप? अडचण कुठल्या हातात आहे ते बघा

इकॉनॉमी पिकिंग आणि स्वीप पिकिंग यांत फरक काय, असं गिटार शिकणाऱ्या कुणालाही विचारा. बहुतेक जण हवेत पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) फिरवून दोन्हींसाठी एकच हालचाल दाखवतील. त्यांचं फारसं चुकत नाही, उजव्या हाताची हालचाल खरोखरच एक आहे.

अल्टरनेट पिकिंग म्हणजे सतारीवरच्या दा-रासारखं: एक खाली, एक वर, क्रम मोडायचा नाही. पण सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर खाली-वर-खाली असे तीन स्वर वाजले की पिक पाचव्या तारेच्या दारात उभं असतं. आता अपस्ट्रोक, म्हणजे वरच्या दिशेचा फटका हवा, म्हणून ती तार ओलांडून पलीकडे जायचं आणि मागे यायचं. इकॉनॉमीत हा हेलपाटा वाचतो. पिक पुढे जाता जाताच पाचवी तार वाजवतं: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. सी मेजर सहाव्या आणि पाचव्या तारेवर ८-१०-१२, चौथीवर ९-१०-१२ (हे आकडे पडद्यांचे) असा वाजवून बघा. अट एकच, दिशा कायम ठेवायची तर तारेवर विषम संख्येनं स्वर हवेत. दोन किंवा चार झाले की शेवटी अपस्ट्रोक येतो आणि पिक नको त्या बाजूला राहतं.

स्वीपमध्ये एका तारेवर एकच स्वर. तिसऱ्या तारेवर १४, दुसरीवर १३, पहिलीवर १२ हा झाला ए मायनर. हे तीन डाऊनस्ट्रोक नव्हेत, एकच लांब स्ट्रोक आहे. मग पहिल्या तारेवर १७ला हॅमर-ऑन (पिक न मारता बोट आपटून), पुल-ऑफने (तेच बोट ओढून सोडत) परत १२, आणि उलट वाटेनं अपस्ट्रोक.

आता नावांचा घोळ. एक हाही विषमच आकडा, म्हणजे स्वीप हा इकॉनॉमीचाच टोकाचा प्रकार म्हणता येतो. ऑस्ट्रेलियाचा गिटारवादक फ्रँक गँबाले तर तारेवर तीन-तीन स्वर असलेल्या स्केललाही स्वीपच म्हणतो. पण १९८०च्या दशकात यिंग्वी माल्मस्टीन, जेसन बेकर या मेटल गिटारवादकांचे आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागोमाग एक) गाजले आणि मेटलवाल्यांच्या तोंडी स्वीप म्हणजे आर्पेजिओ हेच बसलं.

शिकताना मात्र दोन्हींचा त्रास वेगळ्या हातात असतो. स्वीपमध्ये तो डाव्या हातात. स्वर वाजताक्षणी बोट सैल करून तार बंद केली नाही, तर सगळ्या तारा एकत्र गुंजतात आणि आर्पेजिओऐवजी स्वरमंडळ ऐकू येतं! स्वरमंडळाला ते शोभतं, इथे नाही. मी स्वतः कित्येक महिने उजव्या हाताचा वेग वाढवत बसलो होतो, दोष डाव्या हाताचा होता.

इकॉनॉमीत गडबड तालाची होते. तार बदलताना पिक घसरतं आणि नव्या तारेवरचा पहिला स्वर घाईनं येतो. ट्रिप्लेटमध्ये (एका ठोक्यात तीन स्वर) ठोका दर वेळी नव्या तारेवरच पडतो, म्हणून ते लपतं. त्याच ओळीला एका ठोक्यात चार स्वर असे बसवा, ठोका तारेगणिक सरकेल आणि चूक लगेच कानावर येईल.

म्हणून इकॉनॉमीचा सराव मेट्रोनोम लावून, क्लीन आवाजावर करावा, डिस्टॉर्शनच्या खरखरीत आवाजाखाली स्ट्रोकचा कमी-जास्तपणा झाकला जातो. स्वीपच्या सरावात अधूनमधून गेन (डिस्टॉर्शनचा जोर) मुद्दाम वाढवावा, मोकळी राहिलेली तार लगेच बोंब मारते. माझ्या मते आधी दोन तारांवरची इकॉनॉमी पक्की करावी, मग तीन तारांचा स्वीप. पाच तारांच्या वाटेला वर्षभर तरी जाऊ नये.