घरी बांधलेल्या विमानाची शेपूट आणि तड्यांच्या शोधाचा इतिहास

31 जानेवारी 2014 रोजी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीने आपल्या विमानमालकांसाठी एक सर्व्हिस बुलेटिन काढलं. आरव्ही-3, 4, 6, 7 आणि 8 या मॉडेल्सच्या शेपटीतल्या आडव्या स्टॅबिलायझरचा, म्हणजे विमान स्थिर ठेवणाऱ्या छोट्या पंखाचा, पुढचा स्पार (आतली भार पेलणारी तुळई) तपासा, तिथे तडे सापडत आहेत, अशी ती सूचना होती. त्याच सुमारास एलिव्हेटरच्या, म्हणजे स्टॅबिलायझरमागच्या नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाच्या, स्पारबद्दलही तशीच सूचना आली. ही सगळी किटमधून घरी बांधायची विमानं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांचं आरव्ही-3 पहिल्यांदा उडालं ते 1971 मध्ये. तेव्हापासून जगभर या घराण्यातली दहा हजारांहून अधिक विमानं लोकांनी गॅरेजमध्ये आणि शेडमध्ये बांधून उडवली. एवढ्या नावाजलेल्या, पारखून घेतलेल्या रचनेत इतक्या वर्षांनी तडे कसे निघाले, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी तडा जातो कुठे ते पाहू. हा स्पार पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो, वरच्या-खालच्या कडा काटकोनात दुमडलेल्या. स्टॅबिलायझरच्या डाव्या-उजव्या बाजू धडापाशी जिथे जुळतात तिथे दुमडलेल्या कडेला छोटी खाच दिलेली असते, म्हणजे पत्रा सुरकुत्या न पडता वळतो. तडा सुरू होतो तो याच भागात, खाचेच्या कोपऱ्यातून. शेपटीवरचा सगळा भार तिथे मुळाशी एकवटतो. बहुतेक विमानांत आडवी शेपूट खालच्या दिशेने दाब देऊन नाक सावरून धरते, आणि प्रोपेलरने मागे फेकलेली हवा तिला प्रत्येक उड्डाणात सतत हादरे देत असते. एकेक हादरा किरकोळ असतो, पण एकच तार त्याच जागी वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसं धातूचं होतं.

धातूचा हा थकवा माणसाला कळला तो रेल्वेमुळे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर प्रशियाच्या रेल्वेतले आउगुस्ट व्योलर यांनी 1850 आणि 60च्या दशकांत आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एकदा दिलेला भार जो आस सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा दिला तर त्याला मोडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. 1913 मध्ये ब्रिटिश अभियंते इंग्लिस यांनी गणिताने सिद्ध केलं की पत्र्यातल्या भोकाच्या किंवा फटीच्या टोकाशी ताण कैक पटींनी वाढतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका जास्त. पुढे इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रातल्या ग्रिफिथ यांनी तडा कधी पसरतो याचा सिद्धांत 1921 मध्ये प्रसिद्ध केला. आरव्हीच्या खाचेत काय घडतं ते समजायला लागणारं बहुतेक ज्ञान म्हणजे विमानांना पत्र्याचं अंग सर्रास येण्याआधीच कागदावर होतं. कागदावरून ते कारखान्यात पोचायला मात्र अपघात घडावे लागले, याचं वाईट वाटतं.

त्यातला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे कॉमेट. 1954च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये या ब्रिटिश जेटची दोन विमानं हवेतच फुटली. फार्नबरोत एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून पाहिलं, तेव्हा उघड्या जागेच्या कोपऱ्यापासून धड फाटलं. इथून पुढे विमानरचनेत ‘फेल-सेफ’ विचार रुजला. एक भाग तुटला तरी शेजारच्या भागाने भार उचलावा आणि विमान सुखरूप उतरावं, अशी ती कल्पना.

शेपटीच्या दृष्टीने कॉमेटपेक्षाही महत्त्वाचा अपघात मला लुसाकाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. 14 मे 1977 रोजी डॅन-एअरचं मालवाहू बोइंग 707 झांबियातल्या लुसाकाला उतरत असताना त्याचा उजवा आडवा स्टॅबिलायझर तुटून पडला. नाक खाली झालं आणि विमानातले सहाही जण गेले. त्या विमानाचं उड्डाण 47 हजार तासांहून जास्त झालं होतं. मागच्या स्पारच्या वरच्या पट्टीत, रिव्हेट-बोल्टच्या एका भोकापासून थकव्याचा तडा गेला होता. 707च्या मोठ्या आवृत्तीसाठी शेपूट वाढवताना वरच्या आवरणाचा काही भाग जास्त ताठ, स्टेनलेस स्टीलचा केला होता. त्यामुळे ताणाची वाटणी बदलली, पण या नव्या रचनेची थकवा-चाचणी झालीच नव्हती. रचना कागदोपत्री फेल-सेफ होती. पण पट्टी तुटल्यावर उरलेल्या भागाने फार तर थोडा वेळ तग धरायचा असतो, आणि त्या वेळात तडा कुणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. तपासणीची पद्धतच अशी होती की तो दिसणं अवघड.

त्याआधी 1969च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी हवाईदलाच्या एफ-111चा पंख अवघ्या शंभरेक तासांच्या उड्डाणानंतर गळून पडला होता. कारण होता घडाईतच राहून गेलेला दोष. या दोन घटनांनंतर विचार पालटला. प्रत्येक भागात सुरुवातीपासूनच तडा आहे असं धरून चालायचं, तो किती वेगाने वाढेल ते मोजायचं, आणि घातक होण्याआधी निदान एकदा तरी सापडेल अशा अंतराने तपासायचं. 1978 मध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत हे ‘डॅमेज टॉलरन्स’ आलं.

घरी बांधलेल्या विमानांना मात्र हे नियम लागू नाहीत. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीत ज्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची मुहूर्तमेढ रोवली, तिच्या सभासदांनी आपली विमानं ‘एक्सपेरिमेंटल’ या वर्गात उडवली. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग छंद म्हणून वा शिकण्यासाठी स्वतः बांधलेला असला की पुरे. बांधणाऱ्याला वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्रही मिळतं. किट कंपनीचं बुलेटिन पाळणं कायद्याने बंधनकारक नाही. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये, घरच्या विमानाला नियमात बसवणं इथे किती जिकिरीचं होतं हे मराठी वाचकांना त्यातून ठाऊक आहे.) शिवाय एकाच नकाशावरून बांधलेली दोन विमानंही सारखी नसतात. एकाने भोकाची कणी नीट काढलेली असते, खाचेची कड पॉलिश पेपरने आरशासारखी केलेली असते. दुसऱ्याच्या कडेवर फाइलचा आडवा ओरखडा तसाच राहिलेला असतो, आणि तोच पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतो. अमुक तासांनी तडा जाईल असं सरसकट सांगताच येत नाही. म्हणून सगळी भिस्त मालकाच्या नजरेवर.

ही नजर कशी लावायची याची पद्धतही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या वर्कशॉपात सुटे भाग तेलात बुडवत, पुसत, आणि वरून खडूची पूड लावत. चिरेत शिरलेलं तेल पांढऱ्यावर डाग पाडून तिची जागा दाखवी. 1940च्या दशकात रॉबर्ट स्विट्झर यांनी त्यात चमकणारा रंग आणला. आजचा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर या स्प्रेच्या डब्यांमागे तेच तत्त्व आहे. स्टॅबिलायझर आणि धडामधलं फायबरग्लासचं फेअरिंग (सांधा झाकणारं आवरण) काढायचं, जागा सॉल्व्हंटने धुवायची, टॉर्च समोरून न धरता पत्र्याला जवळपास समांतर धरायची, आणि दहापट भिंगातून खाचेचा कोपरा पाहायचा. रंगाच्या थरात केसाएवढी रेघ दिसली, किंवा रिव्हेटच्या मागे हवेच्या दिशेने काळा ओघळ दिसला, तर तिथे थांबायचं. तो ओघळ बहुधा हलणाऱ्या रिव्हेटने घासून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा असतो. संशयाची जागा साफ करायला पॉलिश पेपर मात्र कधीही घासू नये. मऊ धातू पसरून चिरेचं तोंड बुजतं आणि डाय आत शिरतच नाही. शिवाय डाय पृष्ठभागावर उघडी असलेली चीरच दाखवतो. वर मजबुतीसाठी जोडपत्रा बसवला असेल तर त्याखालच्या चिरेसाठी एडी करंटचं, म्हणजे धातूत वीजप्रवाह निर्माण करून चीर शोधणारं, यंत्र लागतं.

तडा सापडला तर त्याच्या टोकाशी भोक पाडून त्याची अणी बोथट करायची. इंग्लिस यांच्या गणिताचाच हा उपयोग. डोळ्याला दिसतं त्याच्या किंचित पुढे खरं टोक असतं, म्हणून भोक तिथवर पोचावं लागतं. त्यावर मग मजबुतीचा जोडपत्रा. तडा न सापडलेल्या मालकांनीही हा जोडपत्रा बसवून घेतला तर मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण त्या जागेपर्यंत हात पोचवायचे कष्ट तर निम्मे झालेलेच असतात.

2023 मध्ये हाच विषय उलट बाजूने पुढे आला. व्हॅन्सने मधल्या काळात काही पत्र्यांची भोकं लेझरने कापून घेतली होती. रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून बांधणाऱ्यांनी अशा भोकांना डिंपल दिला, म्हणजे भोकाभोवतीचा पत्रा दाबून खोलगट केला, तेव्हा काही भोकांच्या कडेला तडे दिसले. घरी बांधणारा सहसा सुरुवात करतो ती शेपटीच्या किटपासून, त्यामुळे कित्येकांना पहिल्याच कामात भिंग हाती घ्यावं लागलं. कंपनीने चाचण्या केल्या, भाग बदलून द्यायचं ठरवलं, आणि इतर आर्थिक अडचणींचीही भर पडून त्या डिसेंबरात तिला दिवाळखोरी-संरक्षणाचा अर्ज करावा लागला.