सॅलरी स्लिपवरचे ते २०० रुपये : रोजगार हमीची पार्श्वभूमी

पगाराच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात पीटी २०० असं लिहिलेलं असतं, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २,५००. निम्म्या लोकांना वाटतं हा इन्कम टॅक्सचाच कुठलातरी चुलतभाऊ. पण पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आणि महाराष्ट्रात १९७५ ला हा व्यवसाय कर आला तो मुळात खेड्यातल्या मजुराला काम द्यायला पैसा हवा म्हणून. शहरातला नोकरदार देणार, सरकार तेवढीच भर घालणार, शिवाय इतर काही कर, आणि त्यातून रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, चालणार, असा हिशोब होता.

रोहयो म्हटलं की दोन वाक्यं ठरलेली. एक सरकारी, 'मागेल त्याला काम', आणि दुसरं पारावरचं, 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही'. दुसरं काही उगाच रूढ झालेलं नाही, खोट्या मस्टरच्या (हजेरीपटाच्या) गोष्टी गावोगाव आहेत. पण मला जास्त कुतूहल तिसऱ्याच गोष्टीचं आहे: काम मागेल त्याला द्या, ठीक, पण मजुरी किती? सगळी ओढाताण शेवटी तिथेच येऊन थांबते.

आणि ती आजची नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या साहेबाने (जो १८७७ मध्येच मुंबईचा गव्हर्नर झाला) दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे असं ठरवलं. दगड फोडणाऱ्या माणसाला पौंडभर धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलासुद्धा कमी! यामागचा विचार साधा होता, मजुरी कमी आणि काम घरापासून लांब ठेवा म्हणजे ज्याचं खरंच अडलंय तोच येईल, बाकीचे आपोआप गळतील. मुंबई इलाख्यात हजारो मजूर यावर कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला दुष्काळाच्या हकिकती लिहून पाठवत राहिली. मजुरीची ही चाळणी मात्र गेली नाही, पुढच्या दुष्काळ संहितांमध्येही (दुष्काळात सरकारने काय करायचं त्याच्या नियमावल्या) कष्टाचं काम हीच गरजेची परीक्षा राहिली.

आता थेट १९६५. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती, माणूस सांगली जिल्ह्यातला. त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरच्या आसपासच्या गावांत प्रयोग सुरू केला, की दुष्काळ पडायची वाट कशाला बघायची, ज्याला काम हवंय त्याला ते एरवीही मिळायला पाहिजे. दुष्काळी कामात आणि हमीत फरक तो हाच, एकात सरकार दया करतं, दुसऱ्यात माणूस मागतो. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही गरिबीवरच्या अभ्यासात असंच म्हटलं की जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, गावात मोठ्या प्रमाणावर मजुरीची कामं काढावी लागतील.

मग बहात्तर, म्हणजे १९७२ चा दुष्काळ. आमच्याकडची म्हातारी माणसं पूर्ण साल सांगत नाहीत, नुसतं बहात्तर म्हणतात, आणि मग मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), सुकडी (कामावर वाटलेला पौष्टिक खाऊ), खडी फोडणं हे शब्द ओळीने येतात. मे १९७३ च्या सुमाराला राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख लोक होते. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. योजना कागदावर १९७२ लाच आली होती, पण दुष्काळाने तिला गिळलंच, खरी सुरू झाली ती नंतर. कायदा १९७७ चा, लागू २६ जानेवारी १९७९ पासून. नमुना ४ हा अर्ज भरून काम मागायचं, १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता, तो सुरुवातीला रोजचा एक रुपया, आणि तोही हातात पडलेला माणूस शोधावा लागेल.

मजुरी हजेरीवर नव्हती, मापावर होती. गँगने दिवसभर टिकाव चालवायचा, घमेली वाहायची, मग खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली टेपने मोजून किती घनमीटर निघाले त्यावर पैसे, मातीला एक दर आणि मुरुमाला वेगळा. बाया आणि पुरुष, दर एकच. शेतावर बाईला कायम कमी मिळायचं तिथे ही मोठी गोष्ट होती, आणि कामावर बाया एवढ्या का यायच्या याचं अर्धं उत्तर यातच आहे.

आता बाजाराच्या भाषेत बघू. गावात मजूर शंभर आणि काम देणारे बागायतदार चार-पाच, तेही एकमेकांचे सोयरे, म्हणजे भाव कोण ठरवणार हे उघड आहे. पण मजुराला दुसरीकडे जायची जागा असली की तो 'एवढ्यात येत नाही' म्हणू शकतो, रोज तिकडे गेला नाही तरी चालतं, जाऊ शकतो एवढं पुरतं. मग बागायतदारांच्याच विधिमंडळाने हा कायदा केला कसा? हेरिंग आणि एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये मांडलं की यात जमीनवाल्यांचाही फायदा होता. मजूर मुंबईला न जाता गावातच टिकतो, सुगीला हाताशी असतो, आणि पाझर तलावाचं पाणी शेवटी विहीर ज्याची त्याच्याकडे जातं. मला हे पटतं, फक्त पागेंसारख्यांची तळमळ यात हिशोबात धरलेली नाही असं वाटतं.

हे सगळं जमून गेलं कारण रोहयोची मजुरी शेतावरच्या मजुरीच्या आसपासच राहत होती, म्हणजे टेंपलसाहेबाची चाळणी, भोकं जरा मोठी केलेली. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या एका खटल्यात सांगितलं की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी. आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतन दुप्पट झालं तशी रोहयोची मजुरीही दुप्पट झाली.

मग काय, कामावर झुंबड उडायला हवी होती. झालं उलटं, मजूर-दिवस घसरले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अभ्यासकांनी आकडे तपासून दाखवलं की लोकांना काम नको होतं असं नाही, तर पैसा त्या प्रमाणात वाढला नाही आणि कामांचं वाटप आखडतं झालं. हमी कायद्यात होती तशीच राहिली, फक्त जवळपास कामच निघायचं नाही. मजुरीची चाळणी काढली तर तहसील कार्यालयात दुसरी लागली. त्याच सुमाराला जवाहर विहिरी (शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात सरकारी पैशाने विहीर) आल्या, १९९० पासून फळबागा, म्हणजे रोहयोचा पैसा बराचसा सातबारा असणाऱ्याकडे वळला. डाळिंबं चांगली आली, नाही असं नाही.

२००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतं, घराला वर्षात १०० दिवस. सुरुवातीला राज्याचं किमान वेतन लागू होतं, २००९ मध्ये केंद्राने मजुरी त्यापासून तोडून स्वतः ठरवायला घेतली. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता.

आणि व्यवसाय कर? घटनेतली त्याची मर्यादा २५० वरून २,५०० झाली तीही १९८८ लाच. मजुरी त्यानंतर कितीदा बदलली, ही अजून तिथेच आहे.