चुंग जू-युंग आणि १९९२ची दक्षिण कोरियाची राष्ट्राध्यक्ष निवडणूक

चुंग जू-युंग (१९१५–२००१) म्हणजे ह्युंदाईचे संस्थापक. आपल्याकडे कंपनी सगळ्यांना माहीत, सँट्रोपासून क्रेटापर्यंत गाड्या दारात उभ्या आणि आता तर तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना प्लांटही ह्युंदाईनेच घेतलाय, पण तिच्या मालकाने वयाच्या ७७व्या वर्षी स्वतःचा पक्ष काढून थेट राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. निवडणूक हरले, तिसरे आले, आणि त्याची किंमत कंपनीला पुढे बरीच मोजावी लागली.

जन्म आज उत्तर कोरियात असलेल्या थोंगछन भागातल्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा थोरला मुलगा. शेतीत मन रमेना म्हणून घरातून अनेकदा पळाले, एकदा तर वडिलांनी गाय विकून आणलेले ७० वॉन उचलून. सोलमध्ये तांदळाच्या दुकानात कामाला लागले, पुढे ते दुकानच हातात आलं, पण जपानी राजवटीत १९३९ला तांदळावर रेशनिंग आलं आणि धंदा बसला. मग गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, १९४७ला बांधकाम कंपनी, आणि तिथून पुढे लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या काळात गाडी सुसाट सुटली: सोल–बुसान एक्सप्रेसवे (४२८ किमी, १९७०ला पूर्ण), उल्सानचा जहाज कारखाना, सौदीतलं जुबैल बंदर. जहाज कारखान्याचा किस्सा ते स्वतःच सांगायचे. लंडनमध्ये कर्जासाठी शिफारस मिळवायला गेले तेव्हा हातात धड शिपयार्डसुद्धा नव्हतं, तर त्यांनी खिशातून ५०० वॉनची नोट काढली, तिच्यावर सोळाव्या शतकातल्या कासवाच्या आकाराच्या युद्धनौकेचं चित्र होतं, आणि म्हणाले की आम्ही तेव्हापासून जहाजं बांधतोय. काम झालं! हाताखालचा कुणी 'जमणार नाही' म्हणाला की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, 'अरे, करून बघितलंस का?'

आता असा माणूस राजकारणात का उतरला? सरळ कारण पैसा आणि राग. कोरियात मोठ्या उद्योगघराण्यांना (त्यांना चेबोल म्हणतात) बँकेचं कर्ज, परवाने, सगळं सरकारच्या मर्जीने मिळायचं आणि बदल्यात राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाकिटं पोचवावी लागायची. १९९१ला राष्ट्राध्यक्ष रोह ते-वू यांच्या सरकारच्या कर खात्याने शेअर व्यवहारांवरून ह्युंदाई आणि चुंग कुटुंबावर सुमारे १३,६०० कोटी वॉनचा कर लावला आणि म्हातारा भडकला. १९९२च्या जानेवारीत त्यांनी जाहीरच करून टाकलं की आपण इतकी वर्षं राष्ट्राध्यक्षांना पैसे देत आलोय. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण देणाऱ्यानेच उघड बोलावं हे नवीन होतं. (इतकी वर्षं दिले तेव्हा काही बोलले नाहीत, हेही खरंच.)

लगेच युनिफिकेशन नॅशनल पार्टी निघाली आणि मार्चच्या संसद निवडणुकीत या दोन-तीन महिन्यांच्या पक्षाने १७ टक्क्यांच्या वर मतं आणि ३१ जागा मारल्या, चुंग स्वतः खासदार झाले, कॉमेडियन ली जू-इलही निवडून आले. अर्थात पक्षाला मनुष्यबळ आणि पैसा कुठून येत होता ते लपून राहिलं नव्हतं. चुंग यांचं सगळ्यात गाजलेलं आश्वासन म्हणजे अर्ध्या किमतीत फ्लॅट, आणि ते देणारा बिल्डरच असल्यामुळे लोकांना ते अगदीच अशक्य वाटलं नाही.

डिसेंबरात घोळ झाला. बुसानमध्ये पफर फिशचं सूप मिळणाऱ्या छोवोन नावाच्या हॉटेलात माजी कायदामंत्री किम की-छुन आणि शहरातले बडे सरकारी अधिकारी बसून प्रादेशिक भावना भडकवून सत्ताधारी पक्षाचे उमेदवार किम यंग-सॅम यांना कसं निवडून आणायचं हे बोलत होते. चुंग यांच्या पक्षाने ते चोरून टेप केलं आणि मतदानाच्या तोंडावर बाहेर काढलं. वाटलं होतं किम यंग-सॅम अडचणीत येतील, झालं उलटंच, टेप करणारेच आरोपी ठरले आणि किम यांच्या भागातली मतं आणखी एकवटली. १८ डिसेंबरला किम यंग-सॅम ४२ टक्के, विरोधी पक्षाचे किम दे-जुंग ३४ टक्के, चुंग १६ टक्के. कोरियात दुसरी फेरी नसते, त्यामुळे खेळ तिथेच खल्लास.

मग हिशेब चुकता झाला. १९९३च्या सुरुवातीला त्यांनी पक्ष आणि खासदारकी दोन्ही सोडली, ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजचा पैसा प्रचारात वळवल्याबद्दल कोर्टाने ३ वर्षांची शिक्षा सुनावली, वय बघून आत टाकलं नाही आणि १९९५ला माफी मिळाली. दरम्यान ह्युंदाईची बँक कर्जं आवळली गेली होती. चुंग यांचं नाव सन्मानाने परत आलं ते १९९८ला, ट्रकमधून १,००१ गुरं दोन खेपांत सीमेपलीकडे उत्तर कोरियात नेली तेव्हा. निवडणुकीने जे दिलं नाही ते गुरांनी दिलं असं म्हणायला हरकत नाही.

पण या प्रकरणाची खरी गंमत त्यांच्या हाताखालच्या माणसात आहे. ली म्युंग-बाक १९६५ला ह्युंदाई कन्स्ट्रक्शनमध्ये लागले आणि पस्तिशीत तिचे प्रमुख झाले, चुंग यांचा उजवा हातच. १९९२ला मालकाने पक्ष काढला तेव्हा हे मात्र कंपनी सोडून थेट सत्ताधारी पक्षाकडून संसदेत गेले. पुढे सोलचे महापौर, आणि २००७ला जवळपास ४९ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष. मालकाने पैशाने पक्ष उभा केला, नोकराने तयार पक्षात पायऱ्या चढल्या, फरक एवढाच. चुंग यांचा मुलगा मोंग-जून यानेही २००२ला प्रयत्न केला, ओपिनियन पोल घेऊन दुसरे उमेदवार रोह मू-ह्युन यांच्यासाठी माघार घेतली आणि मतदानाच्या आदल्या रात्री तो पाठिंबाही काढला, तरी रोह जिंकलेच. ली यांना लाचखोरी आणि अफरातफरीत २०२०ला १७ वर्षांची शिक्षा कायम झाली, २०२२च्या डिसेंबरात त्यांनाही माफी मिळाली.