क्लास एच म्हणजे इन्व्हर्टर ड्यूटी नव्हे

मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, म्हणजेच इन्व्हर्टरवर) टाकायची ठरली की ‘क्लास एच वाइंडिंग करून घ्या, मग चिंता नको’ हा सल्ला हमखास कानावर येतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते आणि तिच्यापायी चांगल्या मोटरी जळतात.

इन्सुलेशनचा, म्हणजे वाइंडिंगमधल्या वीजरोधक आवरणाचा, क्लास हा तापमानाचा असतो. बी म्हणजे 130 अंश सेल्सिअस, एफ 155, एच 180. तेवढ्या तापमानाला इन्सुलेशन दीर्घकाळ टिकेल, एवढंच तो सांगतो. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, हा त्यातला जुना ढोबळ हिशेब.

इन्व्हर्टर ड्यूटीचा, म्हणजे मोटर ड्राइव्हवर टिकण्याचा, मुद्दा व्होल्टेजचा आहे. ड्राइव्ह मोटरला साइन वेव्ह देत नाही, आतल्या डीसी बसचे (सप्लायपासून बनवलेल्या डीसी व्होल्टेजचे) तुकडे पाडून सेकंदाला हजारो पल्स पाठवतो. 400 व्होल्टच्या सप्लायवर ही बस साधारण 565 व्होल्टची, आणि आजचे आयजीबीटी (ड्राइव्हमधले वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) एवढा व्होल्टेज 0.1 मायक्रोसेकंदाच्या आसपास चढवतात. केबलच्या तुलनेत मोटरचा सर्ज इम्पिडन्स (वेगवान पल्सला होणारा अडथळा) फार मोठा असल्याने पल्स टर्मिनलवर आदळून परत फिरते आणि तिथला व्होल्टेज दुपटीपर्यंत, म्हणजे 1100 च्याही वर जातो. त्यासाठी केबल फार लांब लागते असंही नाही. पल्स मायक्रोसेकंदाला साधारण 150 मीटर धावते, त्यामुळे इतक्या वेगवान पल्सला सात-आठ मीटर पुरतात.

हा धक्का सगळ्या वाइंडिंगमध्ये सारखा वाटला जात नाही. त्याचा मोठा वाटा फेजच्या पहिल्याच कॉइलवर पडतो. छोट्या मोटरीत तारा स्लॉटमध्ये जशा बसतील तशा बसलेल्या असतात. पहिला टर्न (तारेचा वेढा) शेवटच्या टर्नला चिकटलेलाही असू शकतो. दोघांमधल्या हवेच्या बारीक पोकळीत पार्शल डिस्चार्ज, म्हणजे सूक्ष्म ठिणग्या पडणं, सुरू होतो. त्यातून ओझोन आणि नायट्रिक आम्ल तयार होतं आणि तारेवरचं इनॅमल कुरतडलं जातं. 200 अंश सहज सोसणारं पॉलिअमाइड-इमाइडचं इनॅमलही इथे हतबल ठरतं, कारण ते सेंद्रिय आहे. या माऱ्यापुढे टिकतो तो अभ्रक, किंवा सिलिका-अॅल्युमिनासारखे अजैव कण मिसळलेलं इनॅमल.

मोटर उघडली की फरक डोळ्यांना दिसतो. ओव्हरलोडने जळलेल्या मोटरीत तिन्ही फेज सारखेच करपलेले असतात. पल्सने मारलेल्या मोटरीत बरेचदा बाकी वाइंडिंग नव्यासारखं असतं आणि लाइनकडच्या पहिल्या कॉइलवर एकाच जागी तांबं वितळलेलं सापडतं. अशी मोटर आदल्या दिवशी मेगरवर उत्तम रीडिंग देऊ शकते. मेगर वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासतो, टर्न-टर्नमधलं नाही. त्यासाठी सर्ज टेस्टच (वाइंडिंगला वेगवान पल्स देऊन केलेली तपासणी) हवी.

दोन्ही गोष्टी एकमेकींपासून अगदी तुटलेल्या मात्र नाहीत. वाइंडिंग तापलं की पार्शल डिस्चार्ज कमी व्होल्टेजला सुरू होतो. शिवाय कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो आणि ती जास्त तापते. म्हणून क्लास एच वाया जात नाही, पण पुरतही नाही.

आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) 60034-18-41 हे मानक टाइप 1 इन्सुलेशनसाठी आहे, जिथे आयुष्यभर डिस्चार्ज होऊच नये अशी अपेक्षा असते. 60034-18-42 टाइप 2 साठी. तिथे डिस्चार्ज होणार हे गृहीत धरून तो सोसणारं अभ्रकाचं इन्सुलेशन वापरतात, मुख्यतः हाय व्होल्टेज मशीनमध्ये.

तेव्हा मोटर मागवताना क्लासबरोबर टर्मिनलवर किती पीक व्होल्टेज आणि किती राइज टाइम (पल्स चढायला लागणारा वेळ) चालेल, हे लेखी घ्या. जुनीच मोटर ड्राइव्हवर टाकायची असेल तर केबल शक्य तितकी आखूड ठेवा. ते जमत नसेल तर ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढण मंद करणारा) किंवा साइन फिल्टर (पल्सची जवळपास साइन वेव्ह करणारा) बसवा.