फिरकी वेगळी, पट्टी वेगळी

स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालू केली की टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर रेघ जागच्या जागी उभी, तिरकी, आडवी होत फिरते, तो स्पिनर, म्हणजे फिरकी. नाहीतर डावीकडून चौकटी भरत जातात आणि बाजूला टक्के चढतात, तो प्रोग्रेस बार, म्हणजे पट्टी. दोन्हींमागची युक्ती एकच आहे. कॅरेज रिटर्न, म्हणजे आस्की या अक्षरांच्या क्रमांक-यादीतलं १३ नंबरचं अक्षर, कर्सरला त्याच ओळीच्या सुरुवातीला आणतं आणि जुन्या मजकुरावर नवा लिहिला जातो. लिहायला सारख्याच सोप्या, म्हणून बरेचजण हाताला येईल ती लावून मोकळे होतात. पण फिरकी आणि पट्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि चुकीच्या जागी लावली तर दोन्ही फसवतात.

कापसाच्या हंगामात धरणगाव-अमळनेरकडच्या एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात संध्याकाळी बसून बघा. दिवसभराच्या काटा पावत्यांचे (वजनाच्या पावत्यांचे) फोटो जळगावच्या सर्व्हरवर पाठवायचे असतात. ऑपरेटर स्क्रीनकडे बघत आधी विचारतो, "भाऊ, हाई चालू शे का बंद पडनं?" जरा वेळाने विचारतो, "आजून कितला टाइम लागी?" पहिल्याचं उत्तर फिरकीने द्यायचं, दुसऱ्याचं पट्टीने. स्क्रिप्ट मुकी असेल तर एकाचंही मिळत नाही, आणि तो कंट्रोल-सी दाबून, म्हणजे काम मध्येच तोडून, घरी जातो. त्यात त्याची काही चूक नाही. संगणक संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच टक्के दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास मांडला होता, आणि लोकांना ती हवी असते हे त्यात दिसलं होतं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची ढोबळ मर्यादा दहा सेकंदांची आहे: त्यापुढे माणसाचं लक्ष उडतं, तेव्हा किती झालं ते दाखवा.

फिरकीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ती वरून निरुपद्रवी वाटते. बॅशमध्ये (लिनक्सवर आज्ञा लिहायच्या भाषेत) सर्रास काय करतात? एक छोटा लूप (तेच ते पुन्हा करणारा तुकडा) बॅकग्राउंडला सोडतात, तो दर ०.१ सेकंदाला पुढचं चिन्ह छापतो; मुख्य काम संपलं की त्याला किल (बंद) करतात. म्हणजे फिरकी फिरते ती स्वतःच्या लूपवर, कामाशी तिचा काही संबंध नाही. नेट मध्येच अडकलं, एकही फोटो जात नाही, तरी ती तितक्याच वेगाने फिरते. जिनमध्ये मोटार चालू आहे पण रुई पडत नाही, तसं हे. ऑपरेटरला मोटारीचा आवाज ऐकवून उपयोग नाही.

म्हणून फिरकी कामाला बांधा. लूपमध्ये एक फोटो पोचला की फिरकी एक घर पुढे, आणि शेजारी आतापर्यंतचा आकडा नि शेवटच्या फाइलचं नाव. मग ती थांबली तर खरोखर काहीतरी थांबलं आहे. आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामला टाइमआउटचा पर्याय आहे, तोही द्या. ठरलेल्या सेकंदांत काहीच डेटा हलला नाही तर तो स्वतः एरर देऊन बाहेर पडतो. रात्रभर फिरणाऱ्या फिरकीपेक्षा ती एरर कितीतरी प्रामाणिक.

पट्टीची अट वेगळी. तिला एकूण किती ते आधी माहीत लागतं, आणि ते 'किती' नेमकं कशात मोजायचं हेही ठरवावं लागतं. फाइली मोजल्या तर मोबाइलवरचे लहान फोटो भराभर जातात, पट्टी नव्वदपर्यंत पळते, आणि शेवटी हंगामाची एक जाडजूड स्कॅन केलेली पीडीएफ आली की तिथेच बसते. पाठवायच्या कामात बाइट मोजा. ओसीआरसारख्या (फोटोतला मजकूर वाचून काढण्याच्या) कामात, जिथे प्रत्येक पावतीला जवळपास सारखाच वेळ लागतो, तिथे पावत्या मोजा.

एकूण आकडा माहीत नसताना पट्टी काढली की काय होतं ते आरसिंकमध्येच बघायला मिळतं. ३.१.० आवृत्तीपासून 'इन्फो=प्रोग्रेस२' दिलं की सगळ्या कामाचे मिळून टक्के दिसतात. पण आरसिंक फोल्डर उघडत उघडत पुढे जातो, सगळी यादी आधी करत नाही. नवीन फोल्डर सापडलं की एकूण वाढतं आणि टक्के चक्क मागे येतात. बघणाऱ्याला वाटतं, काम उलटं चाललंय. ओळीच्या शेवटी 'आयआर-चेक' असं दिसतं तोवर यादी अपुरी आहे, 'टू-चेक' आलं की पूर्ण झाली. ही फोल्डरागणिक यादी करण्याची पद्धत, इन्क्रिमेंटल रिकर्शन, बंद केली तर यादी आधी होते. सुरुवातीला थोडं थांबावं लागतं, मेमरी जास्त लागते, पण टक्के मागे येत नाहीत. पट्टी लावायचीच असेल तर मी हेच करतो.

एकाच डेटाबेसच्या दोन कामांत फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. बॅकअप घेताना डेटाबेसची प्रत (डंप) काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपचं आउटपुट, गेलेला डेटा मोजणाऱ्या पीव्हीमधून, फाइल आवळणाऱ्या जीझिपला देता. डंप किती मोठा होईल हे पीव्हीला ठाऊक नाही, म्हणून तो गेलेले बाइट, वेग आणि वेळ दाखवतो, टक्के नाही. ही खरं तर फिरकीच, आणि तिथे तीच योग्य. तोच बॅकअप परत चढवताना पीव्हीला जीझिपची फाइल थेट द्या. आकार डिस्कवर लिहिलेलाच आहे, त्यामुळे खरी पट्टी मिळते, उरलेल्या वेळेसकट. पायथॉन भाषेतल्या टीक्यूडीएम या पट्टी काढणाऱ्या साधनाचंही असंच: लिस्ट दिली तर पट्टी, लांबी न सांगता एकेक नग पुरवणारा जनरेटर दिला तर फक्त मोजणी आणि वेग.

उरलेल्या वेळेचा आकडा मात्र जपून दाखवा. टीक्यूडीएम अलीकडच्या वेगाला जास्त वजन देतो. नेट वरखाली होत असेल तर 'चार मिनिटं'चं क्षणात 'चाळीस मिनिटं' होतं. त्याचं स्मूदिंग (अलीकडच्या वेगाला किती वजन द्यायचं तो आकडा) शून्य केलं की पूर्ण सरासरी धरली जाते आणि आकडा स्थिर राहतो.

बाकी काळजी दोन्हींना सारखीच. हे सगळं स्टँडर्ड एररवर (निरोपांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) छापा, नाहीतर पाइपमधल्या, म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या, डेटात चौकटी मिसळतात. छापण्याआधी समोर टर्मिनल आहे का ते तपासा. बॅशमध्ये 'टी' चाचणीला २ हा स्टँडर्ड एररचा आकडा दिला की कळतं. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालताना फिरकी लॉगमध्ये हजारो तुकडे टाकते, तिथे ठरावीक टप्प्याला एक साधी ओळ पुरे. आणि प्रत्येक फाइलला पट्टी पुन्हा काढू नका, सेकंदाला दहा वेळा भरपूर झालं. कर्सर लपवला असेल तर तो परत आणायचं काम ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट थांबताना चालणाऱ्या भागात) घाला, म्हणजे कंट्रोल-सी दाबलं तरी टर्मिनल नीट राहील. काम संपलं की ती ओळ पुसा आणि तिच्या जागी किती पावत्या गेल्या, किती राहिल्या आणि राहिलेल्यांची नावं कुठल्या फाइलमध्ये आहेत ते लिहा.