रात्रगस्त (ऑस्ट्रेलियन आदिवासी)

ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांमध्ये त्याच वस्तीतील माणसांनी रात्री फिरून शांतता राखण्याची प्रथा. तिकडे ती ‘नाइट पॅट्रोल’ म्हणून ओळखली जाते. भांडण हातघाईवर येण्याआधी मिटवणे, दारू प्यालेल्याला घरी पोचवणे आणि अंधारात भटकणाऱ्या पोरांना पोलीस कोठडीपासून दूर ठेवणे, ही तिची मुख्य कामे. ‘गस्त’ म्हटले की आपल्याकडे काठी आपटणारा रखवालदार किंवा पोलिसांची गाडी डोळ्यांपुढे येते. ती कल्पना येथे बाजूला ठेवावी. या पथकाला अटकेचा किंवा झडतीचा अधिकार नसतो. त्याचा शब्द चालतो तो नात्यामुळे.

उगम : प्रथेचा आरंभ बहुधा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील टेनंट क्रीक येथे, जुलालिकारी कौन्सिल या आदिवासी संस्थेच्या पुढाकाराने झाला, असे मानले जाते. काळाबाबत एकवाक्यता नाही. १९८० च्या दशकाचा मध्य ते अखेर एवढेच सावधपणे म्हणता येते. त्याच प्रदेशातील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या टाउन कॅम्पांतील (आदिवासी वस्त्यांतील) टँगेंटिएर कौन्सिलची गस्त १९९० च्या सुमाराची, तर वार्लपिरी लोकांच्या युएन्डुमू येथील स्त्रियांची गस्त त्यानंतर लवकरच सुरू झालेली. खरा वाद वर्षाचा नसून स्वरूपाचा आहे. काही जण हिला अपुऱ्या पोलीस यंत्रणेची पुरवणी समजतात. हॅरी ब्लॅग यांच्यासारखे अभ्यासक मात्र तिच्याकडे आदिवासींच्या स्वनियमनाचा आविष्कार म्हणून पाहतात. युएन्डुमूचे उदाहरण दुसऱ्या मताला अधिक बळ देते : तेथे म्हाताऱ्या बायका हाती ‘नल्ला नल्ला’ हे पारंपरिक लाकडी दांडके घेऊन रात्री बाहेर पडत, आणि त्यांना कोणत्याही सरकारी खात्याने नेमलेले नव्हते.

कोठडीतील आदिवासी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने (१९८७–९१) ९९ मृत्यू तपासले आणि ३३९ शिफारशी केल्या. कोठडीत आदिवासी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मरत नाहीत. मुळात ते कोठडीतच फार मोठ्या प्रमाणात टाकले जातात, हा त्याचा गाभ्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे माणूस कोठडीपर्यंत पोचूच नये यासाठी झटणाऱ्या गस्तीला महत्त्व आले. जुलालिकारीसारख्या संस्थांना पुरेसा आणि सातत्याने निधी मिळावा, असे आयोगाने नाव घेऊन सुचवले.

नातेव्यवस्था : गस्त कोणी घालायची हे वार्लपिरी समाजात नात्यावरून ठरते. हा समाज आठ गटांत विभागलेला असून प्रत्येक गटाला पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे नाव असते. पुरुषांची नावे ‘ज’ने, स्त्रियांची ‘न’ने सुरू होतात. रूढीनुसार नाम्पिजिन्पा गटातील स्त्रीचा विवाह जापांगार्डीशी, त्यांच्या मुली नापानांग्का आणि त्या मुलींचे योग्य वर जुपुर्रुर्ला. सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर यायचे नाही, बोलायचे नाही, असा कडक दंडक आहे. म्हणजे रस्त्यात जुपुर्रुर्ला गटातील तरुण धिंगाणा घालत असेल, तर गस्तीच्या गाडीतल्या नाम्पिजिन्पा आजीने त्याला दटावणे मर्यादेचा भंग ठरेल. त्याच्याशी बोलायला मावशी, आजोबा किंवा थोरला भाऊ लागणार अशा कोणाला तरी पुढे व्हावे लागते. म्हणून पथकात निरनिराळ्या गटांची माणसे असणे ही सोय नव्हे, गरज असते. मुलाला कोणत्या घरी सोडायचे हेही अशाच माहितीवर ठरते. कोणाकडे आज पिणे चालू आहे, कोणाची आजी जागी आहे, हे बाहेरून आलेल्या शिपायाला कळणे कठीण.

माउंट थिओ : गस्तीने पोर घरी आणले तरी दुसऱ्या रात्री ते पुन्हा बाहेर, हा अनुभव सार्वत्रिक. १९९० च्या दशकात युएन्डुमूत मुले डब्यात पेट्रोल घेऊन हुंगत, त्या नशेत घरे-दुकाने फोडत. १९९४ मध्ये पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन आणि इतर वडीलधाऱ्यांनी अशा मुलांना सुमारे दीडशे किलोमीटरवरील माउंट थिओच्या एकाकी तळावर न्यायला सुरुवात केली. तेथून पायी परतणे अशक्य. मुलांनी वडीलधाऱ्यांबरोबर शिकार करावी, त्या भूमीच्या कथा ऐकाव्यात, आपण कोणाचे कोण हे शिकावे, एवढाच कार्यक्रम. गावात खेळ आणि रात्रीचे उपक्रम त्याला जोडले गेले. पुढे सावरलेली मोठी मुले धाकट्यांची मार्गदर्शक झाली. २००० च्या दशकाच्या आरंभी युएन्डुमूत हुंगणे जवळजवळ थांबले. नशा न आणणारे ‘ओपल’ इंधन २००५ पासूनचे असल्याने यशाचे श्रेय आधी या वडीलधाऱ्यांकडे जाते.

नंतरचा काळ : २००७ मध्ये केंद्र सरकारने टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांच्या कारभारात थेट हस्तक्षेप केल्यानंतर तेथील ७० हून अधिक वस्त्यांत गस्त पसरली, २००८ पासून ती बव्हंशी नव्या शायर कौन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे, गेली. पगार, गणवेश, नोंदवह्या आल्या. वडीलधाऱ्यांचा निर्णयाधिकार मात्र आक्रसल्याची टीका झाली, आणि ती रास्त वाटते. पर्थ, ब्रूम व न्यू साउथ वेल्समधील गस्ती शहरी धर्तीच्या आहेत. न्यू साउथ वेल्समधीलच बर्क येथील ‘मारांगुका’ हा २०१३ पासूनचा प्रकल्प याच विचाराचा, पण गस्तीपुरता मर्यादित नाही.

मुलांना कोठडीपासून दूर ठेवण्याच्या या विचाराला सरकारी धोरण मात्र नेहमी धरून राहिले नाही : नॉर्दर्न टेरिटरीने गुन्हेगारी जबाबदारीचे (मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येण्याचे) किमान वय २०२३ मध्ये १० वरून १२ केले आणि २०२४ मध्ये पुन्हा १० वर आणले. त्याच वर्षी मार्चमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये मुलांसाठी रात्रीची संचारबंदी लागू झाली होती.