गार पाण्यातली शतकं, वाऱ्यावरची सत्तरी

संथ जगतो तो जास्त जगतो, असं आपण सहज धरून चालतो. ग्रीनलंड शार्ककडे पाहिलं की ते पटतंही. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या गोठू पाहणाऱ्या पाण्यात हा मासा तासाला जेमतेम सव्वा किलोमीटर पोहतो आणि वर्षाला फार तर सेंटिमीटरभर वाढतो.

त्याचं वय काढणं मात्र जिकिरीचं होतं. अनेक शार्कच्या मणक्यांत वाढीची वलयं दिसतात. याचे मणके इतके मऊ की तिथे काही उमटत नाही. उत्तर सापडलं डोळ्यात. भिंगाचा गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून जन्माचा काळ ताडता येतो. संशोधक यूलियुस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या भिंगांतला हा कार्बन मोजला. २०१६ साली निष्कर्ष आला: पाच मीटर लांबीच्या सर्वात मोठ्या मादीचं वय सुमारे ३९२ वर्षं. त्यात १२० वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे कमीत कमी २७२ तरी धरावीच लागतात!

आता लेसन अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली चँडलर रॉबिन्स यांनी एका प्रौढ मादीच्या पायात ओळखीची कडी घातली. पुढे ‘विस्डम’ नावाने ती प्रसिद्ध झाली. २०२४च्या अखेरीस, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या आसपास, तिने पुन्हा अंडं घातलं.

मला शार्कपेक्षा हिचंच जास्त नवल वाटतं. वजन तीनेक किलो, म्हणजे मांजराएवढं. शरीर कायम गरम, हृदय वेगवान, अन्न शोधायला हजारो किलोमीटरची भरारी. या हिशेबाने ती कधीच संपायला हवी होती. पण पक्ष्यांच्या पेशींचं काम वेगळं चालतं. कबूतर आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा प्रयोगशाळेतला उंदीर यांची तुलना केली, तेव्हा कबुतराच्या पेशी प्राणवायू वापरताना घातक रेणू बरेच कमी तयार करतात असं दिसलं. उंदीर चारेक वर्षं जगतो, कबूतर तीस-पस्तीसही गाठतं. शिवाय उडणाऱ्याला शिकारी सहसा गाठत नाही. अकाली मरण टळतं तिथे टिकाऊ शरीर घडवणं उत्क्रांतीलाही परवडतं.

दोघांचं पुनरुत्पादन मात्र सारखंच सावकाश. अल्बट्रॉस वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी पहिलं अंडं घालते, तेही हंगामाला एकच. शार्कची मादी वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं लागतात. मासेमारीच्या लांब दोरांवरचे गळ दोघांनाही अडकवतात. पक्ष्यांना गळांपासून दूर ठेवायला बोटीमागे फडफडणाऱ्या पट्ट्या लावल्या की मृत्यू खूप घटतात. खोल पाण्यातल्या शार्कला त्या पट्ट्यांचा काही उपयोग नाही, आणि आज गळाला लागलेली शंभर वर्षांची मादी एकही पिल्लू न देता जाते.